अलिबागच्या बीचवरून पिंपरीच्या गुरुद्वाऱ्यात: एका शीख लग्नाचं प्लॅनिंग, जसं झालं तसं

आधी कोण कुठलं ते सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. नवरी आमच्या शेजारची. पिंपरीत एकाच मजल्यावर वाढलो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिचे आजोबा फाळणीनंतर रावळपिंडीहून आले, आजोबा आता नाहीत पण बीजी आहेत, म्हणजे आजी, आणि बीजी मराठी अशी बोलतात की भाजीवाला त्यांच्याशी घासाघीस करायला घाबरतो. आईचं माहेर नांदेडचं, मामा अजून तिथेच असतात आणि ते तर पक्के मराठवाड्याचे. नवरा लुधियानाजवळच्या गावातला, नोकरीला पुण्यात, आईवडील, भुआ म्हणजे आत्या, फुफ्फड म्हणजे आत्याचा नवरा, चाचे सगळे तिकडेच. लग्न फेब्रुवारी 2024 मध्ये झालं, प्लॅनिंग ऑगस्ट 2023 ला सुरू झालं, आणि मला एक्सेल येतं म्हणून शीट माझ्या गळ्यात पडली. बाकी माझी काही क्वालिफिकेशन नाही.

मूळ प्लॅन होता अलिबाग. दोघांचं म्हणणं एकच, आम्हाला आमचं लग्न पाहिजे, नातेवाईकांचं नको. दीडशे माणसं, समुद्राकाठचा रिसॉर्ट, संध्याकाळचं ऊन, पांढरे पडदे, आणि त्या पडद्यांखाली आनंद कारज, म्हणजे शीख पद्धतीचा लग्नविधी. प्लॅनरने फोटोंचं असं काही प्रेझेंटेशन दाखवलं की मीसुद्धा फिदा झाले. टोकन भरलं. विरोध फक्त बीजींचा होता, तोही एका वाक्यात, "पुत्तर, बाबाजींना समुद्र दाखवायला नेणार का तुम्ही?" बाबाजी म्हणजे गुरू ग्रंथ साहिब. आम्ही हसलो आणि विषय तिथेच राहिला.

मग ऑक्टोबर 2023 मध्ये अमृतसरच्या अकाल तख्तावर, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च पीठावर, पाच सिंह साहिबांची, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंची, बैठक झाली आणि निर्णय आला की बीचवर, रिसॉर्टमध्ये डेस्टिनेशन वेडिंगसाठी गुरू ग्रंथ साहिबचं स्वरूप, म्हणजे ग्रंथाची प्रत, न्यायचं नाही, आनंद कारज तिथे होणार नाही. ग्रुपवर बातमी पडली तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते, नवरीचे अकरा मिस्ड कॉल. खरं बघितलं तर हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं, हॉटेल आणि मॅरेज पॅलेसमध्ये स्वरूप नेऊ नये हा आदेश 1998 सालचा आहे, लोक काणाडोळा करत होते इतकंच. आणि आम्ही एकाही ग्रंथीला, म्हणजे गुरुद्वाऱ्यात ग्रंथ वाचणाऱ्याला, न विचारता पैसे भरून मोकळे, ही चूक शंभर टक्के आमची. आता यात नुसता नियमाचा हट्ट आहे असं मलाही आधी वाटलेलं. पण गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथी भाईसाहेबांनी नीट समजावलं. शिखांसाठी तो ग्रंथ म्हणजे हजर असलेले गुरू, ते येतात तेव्हा वर चांदणी लागते, चवर लागतो, मागे चालणारी माणसं अनवाणी असतात, आणि ज्या लॉनवर आदल्या रात्री बार लागलेला तिथेच सकाळी त्यांना बसवायचं हे कसं चालणार. बीजींनी हेच सात शब्दांत सांगितलेलं.

टोकन निम्मं परत मिळालं. निम्मं गेलं. प्लॅनर म्हणाला आनंद कारज कॅन्सल करून रिसेप्शन तरी इथेच ठेवा, तर नवरी फोनवरच रडायला लागली, रडण्याचं कारण रिसॉर्ट गेला हे नव्हतंच, आता सगळं परत नातेवाईकांच्या हातात जाणार हे होतं. गुरुद्वारा म्हणजे काकालोकांचं राज्य, चारशे माणसं, आपण नुसते मध्ये बसलेले, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

एका रविवारी आम्ही दोघी गुरुद्वाऱ्यात गेलो आणि भाईसाहेबांना सरळ विचारलं की लग्नाला कमीत कमी काय लागतं. त्यांनी पंजाबीत सांगितलं, ती मराठीत सांगत गेली, मी लिहून घेतलं. हुजुरीत गुरू ग्रंथ साहिब. संगत. कीर्तन करणारे रागी. मुलामुलीची आणि आईवडिलांची अरदास, म्हणजे प्रार्थना. वडील पल्ला, म्हणजे नवऱ्याच्या खांद्यावरच्या कापडाचं टोक, मुलीच्या हातात देतात. चार लावां, म्हणजे लग्नाची चार कडवी आणि प्रत्येकीला ग्रंथाभोवती एक फेरी, शेवटी आनंद साहिबचं गायन, अरदास, हुकमनामा म्हणजे ग्रंथ उघडून वाचलेलं वचन, कडाह प्रसाद म्हणजे शिरा. संपलं. मुहूर्त नाही, उलट सिख रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, लिहिलंय की तिथी-वार बघायचेच नाहीत. पत्रिका जुळवणं नाही, होम नाही. तासा-दीड तासाचा विधी. माझ्या शीटमध्ये तोवर 140 ओळी झालेल्या आणि या यादीतलं त्यात फक्त एकच होतं, "गुरुद्वारा - बुकिंग".

त्यानंतर आम्ही शीट उलटी केली. जे लागतंच ते वर, त्यावर वेळ घालवायचा. बाकी सगळं खाली, आणि खालच्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न, हे कोणाला हवंय आणि का. उत्तर "लोक काय म्हणतील" असलं तर ओळ डिलीट. मजा म्हणजे सगळ्यात जास्त ओळी बीजींनीच डिलीट केल्या.

रहित मर्यादेतलं लग्नाचं प्रकरण वाचताना मला भारीच मजा आली, कारण त्यात काय काय करू नये याची यादी आहे, आणि ती वाचून कळतं की लिहिणाऱ्यांनी पंजाबातली लग्नं अगदी जवळून बघितलेली. मुकुट-गाना बांधू नये, कच्च्या लस्सीत, म्हणजे दूध-पाण्यात, पाय बुडवू नयेत, बोर-जांडीचं झाड तोडू नये, घडोली भरू नये, दारू नको, आणि या सगळ्यात एक, रुसून जाऊ नये. म्हणजे रुसणं ही तिकडे रीतसर पद्धतच होती. पंजाबी लग्नात फुफ्फड रुसणारच यावर सगळ्यांचे जोक असतात, आपल्याकडच्या रुसलेल्या जावईबापूंसारखंच प्रकरण. आणखी एक वाक्य नवरीने माझ्याकडून हायलाइट करून घेतलं, मुलाकडच्यांनी कमीत कमी माणसं आणावीत, मुलीकडचे बोलावतील तितकीच. तिने त्याचा फोटो काढून होणाऱ्या नवऱ्याला पाठवला, त्याने तो त्याच्या वडिलांना पाठवला, आणि 110 चा आकडा दोन आठवड्यांत 45 वर आला. कोणी वाद घातला नाही कारण वाद घालणार कोणाशी. सासूच्या तोंडून किंवा सुनेच्या तोंडून हेच आलं असतं तर महाभारत झालं असतं.

पण मिलनीवर अडलं. मिलनी म्हणजे वरात दारात आली की दोन्हीकडची तीच तीच नाती एकमेकांना भेटतात, आजोबांना आजोबा, मामाला मामा, हार घालायचे, गळाभेट, एकमेकांना उचलायची चढाओढ, आणि मुलीकडच्यांनी काहीतरी द्यायचं. हे "काहीतरी" म्हणजेच खरा ताप. लुधियानाहून यादी आली 21 मिलन्यांची, प्रत्येकाला अंगठी अपेक्षित. अंकल, म्हणजे नवरीचे वडील, म्हणाले देऊन टाकू, एकदाच तर आहे. नवरी म्हणाली एकही अंगठी जाणार नाही, आणि बापलेकीत तीन दिवस अबोला. शेवटी सुटलं ते नवऱ्यामुळे, हे मी मुद्दाम सांगतेय, मुलाने स्वतःच्या घरी बोलणं आणि मुलीने तिच्या घरी बोलणं या एका नियमावर हे अख्खं लग्न उभं राहिलं, तिने लुधियानाला या विषयावर एकही फोन केला नाही. पाच मिलन्या ठरल्या. सगळ्यांना सारखी एकेक गरम शाल. आणि नवरीची अट म्हणून सहावी, दोघांच्या आयांची, जी एरवी पुरुषांच्या घोळक्यात कोणाला सुचतसुद्धा नाही. फुफ्फड यादीतून गळले. आणि रुसले. अर्थात.

लेहंग्याचं सांगायचं राहिलंच. नोव्हेंबरमध्ये लेहंगा घेतलेला, डाळिंबी रंगाचा, वजन नऊ किलो, मी स्वतः उचलून बघितला. डिसेंबरमध्ये नांदेडहून मामांचा फोन. तिथल्या तख्त श्री हुजूर साहिबवर, म्हणजे शिखांच्या पाच तख्तांपैकी एकावर, ठराव झालाय, आनंद कारजला जड लेहंगे-घागरे नकोत, साधा सलवार-कमीज आणि डोक्यावर चुन्नी, आणि ती फुलांची चादर डोक्यावर धरून नवरीला मिरवत आणतात तेही नको, आणि पत्रिकेवर नावापुढे सिंह आणि कौर लिहा. मामा म्हणाले, "अगं पोरी, नऊ किलो घालून माथा कसा टेकणार, खाली बसता तरी येणार का तुला? कशाला इतकं टेन्शन घ्यायलीस, आईचा सूट घाल की."

ती भयंकर चिडली. म्हणाली आता कपडेही हेच ठरवणार का, आणि मला विचाराल तर तिचं चुकत नव्हतं, बायकांच्या कपड्यांवर ठराव आले की माझंही डोकं फिरतं, पुरुषांच्या शेरवानीच्या वजनावर कोणी काही बोलत नाही. पण मामांनी "आईचा सूट" म्हटलं होतं. आंटींचा, म्हणजे तिच्या आईचा, लग्नातला सूट बीजींच्या ट्रंकेत निघाला, गुलाबी, फुलकारीच्या चुन्नीसकट. थोडा आल्टर केला. मग तिने लेहंगा घालून आणि सूट घालून असं दोन्ही करून बघितलं, हॉलमध्ये टीपॉयभोवती चार फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर माथा टेकून उठायचं. लेहंग्यात दुसऱ्या फेरीलाच मला धरावं लागलं. लेहंगा रिसेप्शनला गेला आणि तो तिथे छान मिरवला, तिथे कोणाला माथा टेकायचा नव्हता.

अखंड पाठ ठेवायचा की नाही यावरही चर्चा झाली. अखंड पाठ म्हणजे 48 तास न थांबता अख्ख्या ग्रंथाचं वाचन, वाचणारे पाठी आळीपाळीने, घरात कोणी ना कोणी जागं, येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा-लंगर चालू, आणि हे सगळं लग्नाच्या आठवड्यात. भाईसाहेबच म्हणाले सहज पाठ करा, हवा तितका वेळ घ्या. बीजींकडे सैंच्या आहेत, म्हणजे भागांत बांधलेली प्रत. 1430 अंग, म्हणजे पानं, साठ दिवस, म्हणजे रोज चोवीसच्या आसपास. डिसेंबरच्या मध्यापासून रोज रात्री नवरी, तिचा भाऊ आणि आंटी वाटून घेऊन वाचायचे, आणि बीजींना आता दिसत कमी त्यामुळे त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि उच्चार चुकला की मधेच दुरुस्त करायच्या. नवरीला गुरमुखी जेमतेम येत होती, फेब्रुवारीपर्यंत बरी आली. मला वाटतं तिचं लग्न तिथेच सुरू झालं, कारण जानेवारीनंतर तिचे मला येणारे रात्रीचे फोन बंद झाले. फुलवाल्याचा रेट वाढला, मेकअपवालीने तारीख बदलली, हे सगळं मी निस्तरत होते आणि ही आरामात अंग आठशे कितीतरीवर.

लावांचा अर्थ दोघांनी भाईसाहेबांसोबत बसून समजून घेतला, दोन रविवार. गुरू रामदासांची रचना, राग सूही, अंग 773-774. मी पण बसले. पहिलीत आपापलं कर्तव्य आणि धर्म घट्ट धरणं, दुसरीत गुरूची भेट आणि मनातला मळ जाणं, तिसरीत वैराग्याची ओढ, चौथीत सहज, म्हणजे मन ठिकाणावर येणं. नवरा म्हणाला यात नवराबायकोचं काहीच नाही का, तर भाईसाहेब हसले, म्हणाले आहे की, दोघं एकाच दिशेला तोंड करून चालताय ना. वाचून लावां, मग तीच गाऊन, आणि गाताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फेरी, नवरा पुढे, ती पल्ला धरून मागे. भाऊ लोक वाटेत उभे राहून बहिणीला हाताने पुढे सरकवतात तेही करायचं का असं विचारलं, ती म्हणाली मला चालता येतं.

रागी जत्थ्याशी, म्हणजे कीर्तन करणाऱ्यांच्या चमूशी, आधी बोलून ठेवलं ही दुसरी चांगली गोष्ट. लावांच्या आधीच्या कीर्तनात एक शबद, म्हणजे पद, नामदेवांचा घ्यायचा अशी तिची फर्माईश, कारण मजल्यावरची सगळी मराठी मंडळी येणार होती. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांचे 61 शबद आहेत, पंजाबातलं घुमान तर नामदेवांचंच गाव मानतात, 2015 चं साहित्य संमेलन तिथेच झालेलं. माझी आजी, वय 84, तिला शब्द काही कळत नव्हते, शेवटी "नामदेउ" ऐकू आलं आणि तिने हात जोडले ते शबद संपेपर्यंत सोडले नाहीत.

जेवण लंगरमध्येच, दाल, पनीर, आलू-गोभी, खीर, फुलके. आदल्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या मी घरून उकडीचे मोदक आणते, तर त्यांना सांगितलं की लंगरचं तिथेच शिजतं, हात लावायला या. त्या सकाळी सहाला पोळपाट घेऊन हजर. फुलक्यांच्या ढिगात मधेमधे तेल लावलेल्या घडीच्या पोळ्या दिसत होत्या, लुधियानावाल्यांना वाटलं ही काहीतरी स्पेशल रोटी आहे, त्याच आधी संपल्या. फोटोग्राफर एकच ठेवला, दरबारात त्याने एका बाजूला बसायचं. ड्रोन नाही. दारू लग्नाच्या दिवशी नाही, आदल्या रात्रीच्या जागोत, म्हणजे नाचगाण्याच्या कार्यक्रमात, पोरांनी बाहेर जाऊन काय केलं ते मला माहीत नाही आणि विचारलंही नाही.

पाहुणे झेलम एक्सप्रेसने दोन दिवस आधी आले. धुक्यामुळे गाडी सात तास लेट होती, त्यामुळे दोन दिवस आधीचं तिकीट काढा यावर मी भांडले होते त्याचं सार्थक झालं. वरातीला वेळ सांगितली साडेआठ, खरी वेळ साडेनऊ, आले नऊ चाळीसला. गुरुद्वाऱ्यात आम्हाला दहा ते बारा होतं, नंतर दुसऱ्या एका घरचा भोग, म्हणजे पाठाची समाप्ती, होता, त्यामुळे दहा मिनिटंही महाग. मिलनी झटपट. दोघी आया भेटल्या तेव्हा दोघींनाही काय करायचं ते सुचेना, आंटींनी शाल पांघरली आणि समोरच्या बाईंनी तीच अर्धी आंटींच्या खांद्यावर टाकली, मग दोघी तशाच आत गेल्या.

सगळे बसले, नवरी नवऱ्याच्या डावीकडे येऊन बसली, अरदास झाली, आणि भाईसाहेबांनी अंकलना खुणावलं पल्ला द्या. "पलै तैडै लागी" हा शबद सुरू होणार. नवऱ्याने खांद्याकडे हात नेला. खांद्यावर काहीच नाही. त्याने त्याच्या आईकडे बघितलं, आईने भुआकडे, भुआने माझ्याकडे. पल्ला हॉटेलवर, इस्त्रीच्या टेबलावर. माझ्या शीटमध्ये शेवटी 93 ओळी उरलेल्या, त्यात सेफ्टी पिना होत्या, ओआरएस होतं, पाहुण्यांना डोक्यावर बांधायला जास्तीचे 60 रुमाल होते, तीन चार्जर होते. पल्ला नव्हता. जी एकच वस्तू विधीला लागते ती. भाईसाहेबांनी तोंडातून शब्द न काढता मागे बघितलं आणि कोणीतरी उठून सेवादारांकडून एक केशरी सिरोपा, म्हणजे मानाचं वस्त्र, आणला, नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला, अर्ध्या मिनिटाचाही उशीर नाही. सिरोपा आणणारे फुफ्फड होते.

चार फेऱ्या झाल्या. ती एकदाही अडखळली नाही. कडाह प्रसाद हातात आला तेव्हा अकरा चाळीस वाजलेले.

एक काम मात्र आम्ही हलक्यात घेतलं, नोंदणी. 1909 चा आनंद विवाह कायदा आहे, 2012 मध्ये त्यात नोंदणीची तरतूदही झाली, पण आम्हाला जवळच्या कार्यालयात ज्या नेहमीच्या पद्धतीने होतं त्याच पद्धतीने करून टाकायचं होतं. गुरुद्वाऱ्याचं सर्टिफिकेट, पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार. पत्रिकेवर मामांच्या म्हणण्याप्रमाणे कौर, आधारवर नुसतं नाव आणि आडनाव. खिडकीमागच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, या दोन वेगळ्या बायका आहेत का. प्रतिज्ञापत्र करून परत या. दोघांनी पुन्हा सुट्टी टाकली, मी पण टाकली, कारण तिसरी साक्षीदार मी होते, आणि दुसऱ्या खेपेला रांगेत उभं असताना नवरी म्हणाली, ताई, पुढच्या वर्षी भावाचं आहे, ती शीट ठेवलीयस ना. मी तिथेच फोनवर शीट उघडली आणि पहिल्या ओळीत पल्ला टाकला, दुसऱ्या ओळीत आधार.